पुरातून निघालेली मुखपृष्ठं

४ ऑगस्ट २०१९, रविवार. सकाळपासून गंगा चढत होती. नाशिकमध्ये गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो, आणि पूर किती आला हे कुणी आकड्यात विचारत नाही. नदीपात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर आलं, एवढंच विचारतात. गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. त्या दिवशी समोरच्या काकूंनी खिडकीतून हाक मारून सांगितलं, "अगं, मारुती बुडाला!" मग आम्ही देव, गॅसची टाकी, पिठाचे डबे आणि आईची औषधं घेऊन माडीवर चढलो. भांडीबाजाराच्या मागे आमचा जुना वाडा आहे. २०१६ च्या पुरातही पाणी आत आलं होतं, पण तेव्हा दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, दोन्ही ट्रंका वरच्या फळीवर होत्या. मधल्या काळात रंगकाम निघालं, ट्रंका जिन्याखाली उतरल्या आणि तिथेच राहिल्या. रात्री माडीवर झोपताना मला त्यांची आठवण झाली. तेव्हा जिन्याच्या चार पायऱ्या पाण्यात होत्या.

त्या ट्रंकांमध्ये दादांचे दिवाळी अंक होते. दादा एसटीत कारकून होते. घरात चैन म्हणावी अशी एकच गोष्ट, दर दिवाळीला महात्मा गांधी रोडवरून आणलेले तीन-चार अंक. लक्ष्मीपूजनाला चौरंगावर वह्यांशेजारी एक नवा अंक ठेवलेला असायचा, चित्र वर करून. पूजा होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. त्यामुळे आम्हा भावंडांना आतल्या कथा कळण्याआधी कितीतरी वेळ फक्त मुखपृष्ठ बघायला मिळायचं. आरती चालू असताना मी त्या चित्रातल्या बाईच्या बांगड्या मोजलेल्या आहेत.

दादा २०११ मध्ये गेले. त्यानंतर ट्रंका उघडल्याच नव्हत्या.

सोमवारी नागपंचमी. पाणी ओसरलं, खाली वीतभर चिखल. वरच्या ट्रंकेतले अंक दमट झाले होते, खालच्या ट्रंकेत पाणी भरलेलं. झाकण उघडल्यावर विटांसारखे गठ्ठे दिसले, कडा फुगलेल्या, पिना गंजून तांबड्या रेघा उतरलेल्या. एकूण १८३ अंक निघाले, त्यातले ९६ पूर्ण भिजलेले. मी घाबरून जे कुणीही करेल तेच केलं. सगळे माडीवर पसरले, दोन पंखे लावले, आणि ऊन पडलं तेव्हा काही गच्चीत नेले.

संध्याकाळपर्यंत चूक कळली. आतली साध्या कागदाची पानं सुटी होत होती, पण मुखपृष्ठं आणि रंगीत जाहिरातींची पानं वाळून एकमेकांना घट्ट बसली होती. उचकटायला गेले तर एका पानाचं चित्र दुसऱ्या पानावर निघून यायचं. मुखपृष्ठावरच्या बाईचा अर्धा चेहरा आतल्या साबणाच्या जाहिरातीवर. बावीस मुखपृष्ठं अशी त्या एका दिवसात गेली. पुराने नव्हे, माझ्या घाईने गेली.

पुण्यात जुन्या पोथ्यांच्या जतनाचं काम करणाऱ्या एका ओळखीच्या बाईंना रात्री फोन लावला. त्या पहिलंच वाक्य बोलल्या ते असं: "वाळवू नका. चिकटलेलं आहे ते ओलंच राहू द्या." मग कारण सांगितलं. मुखपृष्ठाचा गुळगुळीत कागद, ज्याला छापखान्यात आर्ट पेपर म्हणतात, त्याच्यावर पांढऱ्या मातीचा थर असतो आणि तो थर डिंकासारख्या चिकट पदार्थाने बसवलेला असतो. पाणी लागलं की तो मऊ पडतो, आणि दोन पानं लागून असताना वाळला की खळ लावल्यासारखी जुळतात. एकदा जुळली की सुटत नाहीत. दुसरीकडे ओलं ठेवलं तर दोन दिवसांत बुरशी धरते. तेव्हा मार्ग एकच, गोठवायचं. थंडीत बुरशी थांबते, डिंक थांबतो, आणि आपल्याला वेळ मिळतो. मग एकेक बाहेर काढून पाण्यातच सोडवायचा.

आमच्या घरातल्या फ्रीजमध्ये बर्फाचे दोन ट्रे मावतात. कोपऱ्यावरच्या डेअरीवाल्या भाऊंना विचारायला गेले तेव्हा त्यांच्या दुकानातही चिखल काढणं चालू होतं. त्यांचा एक डीप फ्रीझर मागच्या उंच खोलीत होता, तो वाचला होता. मी काय ठेवायचं ते सांगितलं. त्यांनी श्रीखंडाचे डबे एका बाजूला सारले आणि म्हणाले, "ताई, गणपतीच्या आत रिकामा करून द्या म्हणजे झालं." दादांना ते ओळखत होते. त्यापेक्षा जास्त काही बोलणं झालं नाही.

२ सप्टेंबरला गणेश चतुर्थी होती. म्हणजे माझ्याकडे पंचवीस-सव्वीस संध्याकाळी होत्या.

आमची पद्धत अशी बसली. ऑफिसातून आले की डेअरीतून तीन-चार पिशव्या आणायच्या. प्रत्येक अंक बटर पेपरात गुंडाळून वेगळ्या पिशवीत ठेवलेला. तासाभरात बर्फ सुटायचा. मोठ्या परातीत स्वच्छ पाणी, त्यात आईची जुनी नायलॉनची साडी चौकोनी कापून अंथरलेली. भिजलेला कागद हाताने उचलला तर स्वतःच्या वजनाने फाटतो. साडीच्या तुकड्यावर धरून उचलला तर येतो. पिना आधी काढायच्या, नाहीतर गंज पसरतो. चिखल बोटाने घासायचा नाही, पाणी हलवायचं, तो आपोआप सुटतो. गोदेचा गाळ फार बारीक असतो, तीन-तीन पाणी बदलावी लागत. मग बांबूची कामटी घासून केलेली पातळ पट्टी मुखपृष्ठ आणि पहिल्या पानाच्या मध्ये सरकवायची. पाण्यात असताना ती सरकते. कधी बोटभर सरकून अडते, तेव्हा थांबायचं, पुन्हा भिजू द्यायचं. सुटलं की दुसऱ्या साडीच्या तुकड्यावर घेऊन पंख्याच्या वाऱ्याला, उन्हात नाही. जवळजवळ वाळलं की कोऱ्या टिपकागदांमध्ये घालून दोन पाटांमध्ये दाबायचं आणि वर पाटा-वरवंटा. वर्तमानपत्रात दाबू नका असं बाईंनी बजावलं होतं, त्याची शाई उतरते.

परातीतलं एक दृश्य मला अजून दिसतं. दादा प्रत्येक अंकाच्या मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला निळ्या शाईने स्वतःचं नाव आणि खरेदीची तारीख लिहायचे. फाउंटन पेनने, तिरप्या अक्षरात. अंक पाण्यात ठेवला की ते नाव हळूहळू सुटायचं, निळा धूर वर यावा तसं, आणि पाण्यात मिसळून जायचं. पान उलटं केलं की पुढचं चित्र मात्र जसंच्या तसं. छपाईची शाई तेलातली असते, तिला पाणी काही करत नाही. पेनची शाई पाण्यातलीच, पाण्यात परत जाते. पहिल्या दिवशी मी रडले. नंतर मी एक वही केली आणि परातीत टाकण्याआधी जेवढं वाचता येईल तेवढं उतरवून घ्यायला लागले. 'धनत्रयोदशी, १९६३.' 'उसना दिला, परत आला.' एकावर फक्त माझा जन्मदिवस होता.

'आवाज'चे अंक सगळ्यात कठीण गेले. १९५१ पासून मधुकर पाटकरांनी चालवलेल्या या अंकाच्या खिडकीचित्रांची मजा ठाऊक नसलेलं माणूस माझ्या पिढीत नसेल. पानाला कापून केलेली खिडकी, तिच्यातून मागच्या पानावरचं थोडंसंच दिसतं, मनात भलतंच येतं, आणि पान उलटलं की निरागस काहीतरी निघतं. भिजल्यावर ती खिडकी मागच्या पानाला चिकटून बंद झाली होती. कापलेल्या कडा एवढ्या नाजूक की कामटी लागली तरी दुमडतात. एका अंकाला मी दोन संध्याकाळी दिल्या. खिडकी सुटली, आई शेजारी बसलेली, तिने पान उलटून पाहिलं आणि खुदकन हसली. म्हणाली, "हे तुझे दादा कपाटावर ठेवायचे. तुमच्या हाताला लागू नये म्हणून."

३१ ऑगस्टला भाऊंचा फ्रीझर रिकामा झाला. गोठवलेल्या ७४ पैकी ६१ मुखपृष्ठं अखंड सुटली.

खरं म्हणजे तिथेच थांबायला हरकत नव्हती. पण वाळलेली मुखपृष्ठं माडीवर सालवार मांडली आणि मला पहिल्यांदाच ती एकत्र दिसली. लहानपणी एका वेळी एकच दिसायचं. आता चाळीस वर्षं एका सतरंजीवर होती.

दिवाळी अंकांची मोजणी १९०९ सालच्या 'मनोरंजन'पासून करतात. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी तो काढला. दादांच्या ट्रंकेत अर्थात एवढं जुनं काही नव्हतं. सगळ्यात जास्त होते ते दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांच्या चित्रांचे अंक. दोघेही मूळचे गोव्याचे, वयात दोन वर्षांचं अंतर, दलाल १९१६ चे आणि मुळगावकर १९१८ चे. दलालांनी १९४५ पासून 'दीपावली' स्वतः काढला. चित्रकारच अंकाचा मालक असल्यामुळे तिथे चित्र शेवटी उरलेल्या जागेत बसवलेलं वाटत नाही. मुळगावकरांचा 'रत्नप्रभा'. सतरंजीवर दोघांची चित्रं शेजारी ठेवली की सही न वाचता ओळखता येत होतं. दलालांची बाई रेषेने उभी राहते. मान, कमर, पदराची किनार, सगळं एका लयीत वाहतं आणि रंग त्या रेषेच्या आत राहतो. मुळगावकरांच्या चित्रात कडाच सापडत नाहीत. गालावरचा उजेड कुठे संपतो आणि सावली कुठे सुरू होते ते बोट ठेवून दाखवता येत नाही.

या चित्रांना कॅलेंडरी म्हणून नावं ठेवणारे मी ऐकले आहेत. देखण्या बायका, समया, फुलं, झालं. मला ते कधीच पटलेलं नाही. आमच्या वाड्यात, आमच्या गल्लीत, कुणाच्या घरात चित्रकाराने काढलेलं चित्र होतं? चित्रप्रदर्शन बघायला कोण गेलं होतं? कारकुनाच्या, शिक्षकाच्या, छोट्या दुकानदाराच्या घरात सराईत हाताने काढलेलं, रचना केलेलं, रंग विचार करून लावलेलं चित्र येत होतं ते वर्षातून एकदा, दिवाळीच्या अंकावर. काळाराम मंदिराच्या काळ्या दगडावरचं कोरीवकाम आणि ही मुखपृष्ठं, एवढ्यावर माझी नजर तयार झाली आहे.

आणि 'चांदोबा'. त्याच ट्रंकेत तळाला माझे आणि भावाचे अंक निघाले. ते मद्रासला तयार व्हायचे हे आम्हाला कुठे ठाऊक. शंकर नावाच्या चित्रकाराने काढलेला तो विक्रम, हातात तलवार, खांद्यावर प्रेत, भोवती झाडं आणि कवट्या, दर महिन्याला तेच चित्र आणि दर महिन्याला तीच भीती. त्यातल्या देवळांना सगळीकडे उंच गोपुरं असायची. मला कितीतरी वर्षं वाटायचं की गोष्टीतली देवळं तशीच असतात आणि पंचवटीतली वेगळी, कारण पंचवटी खरी आहे. 'किशोर'चेही काही अंक होते, पण त्यांची काळजी नव्हती. बालभारतीने १९७१ च्या पहिल्या अंकापासूनचे जुने 'किशोर' इंटरनेटवर सगळ्यांना खुले केले आहेत. बाकीच्यांच्या नशिबात ते नाही. वाचनालयांत अंक बांधायला गेले की बहुतेकदा मुखपृष्ठं काढून टाकलेली असतात, नाहीतर मधोमध शिक्का. कथा राहतात, चित्र जातं. म्हणून जे काही उरलं आहे ते घरांत आणि रद्दीत.

म्हणून मी स्कॅनर घेतला.

पहिले दहा-बारा स्कॅन पाहून मी निराश झाले. पडद्यावर सगळ्या चित्रांवर पाण्याच्या लाटांसारखी जाळी उठत होती. मुळगावकरांच्या बाईच्या गालावर चौकडीचं कापड पांघरल्यासारखं. स्कॅनर बिघडला असं वाटलं. भावाच्या सासऱ्यांकडचे एक काका नाशिकरोडला राहतात, आयुष्यभर प्रेसमध्ये नोकरी केलेले. नाशिकमध्ये नुसतं प्रेस म्हटलं की ती एकच, १९२५ साली सुरू झालेली इंडिया सिक्युरिटी प्रेस, जिथे पोस्टाची तिकिटं छापतात. मी दोन मुखपृष्ठं घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी कपाटातून पितळी चौकटीचं घडीचं भिंग काढलं, मुखपृष्ठावर ठेवलं आणि म्हणाले, "इथे डोळा लाव."

बाई नव्हतीच. निळे, किरमिजी, पिवळे, काळे ठिपके होते. गाल म्हणजे बारीक किरमिजी आणि पिवळे ठिपके दूरदूर, केस म्हणजे सगळेच दाटीने. ओठाच्या कडेला निळा ठिपका एकटाच बाहेर आलेला. काका म्हणाले, "रजिस्टर हललंय. अर्ध्या मिलिमीटरच्याही आत, पण हललंय." म्हणजे चार रंगांचे छाप एकावर एक नेमके बसले नव्हते. त्यांनी मला आणखी एक गोष्ट दाखवली, ती पुढे फार उपयोगी पडली. जुन्या अंकांत ठिपक्याच्या कडेला शाईची गडद कडी दिसते आणि मागून बोट फिरवलं तर कागद किंचित उठलेला लागतो. ते धातूच्या ब्लॉकवरून दाबून केलेलं काम. नंतरच्या अंकांत ठिपका सपाट, कडी नाही. ते ऑफसेट. ज्या अंकांची पहिली पानं गेली होती त्यांचं साल अंदाजाने लावायला मला ही खूण पुरली.

जाळीचं कारणही त्यांनीच सांगितलं. आर्ट पेपरवर या ठिपक्यांची इंचाला साधारण १३३ रेघांची जाळी असते, वर्तमानपत्राच्या कागदावर ६५ च्या आसपास. चारही रंगांच्या जाळ्या वेगवेगळ्या कोनांत फिरवलेल्या असतात, नाहीतर छापतानाच लाटा उठतात. आता स्कॅनरची स्वतःची चौकटी जाळी त्यांच्यावर बसली, ती त्या कोनांशी जुळत नाही. "तू ठिपक्यापेक्षा बारीक बघ," ते म्हणाले. म्हणजे ३०० ऐवजी ६०० डीपीआयवर, इंचाला ६०० ठिपके टिपत. ६०० वर केल्यावर लाटा गेल्या आणि ठिपकेच दिसायला लागले, स्वच्छ. कागदाच्या मागे काळा कार्डपेपर ठेवायचा, म्हणजे मागच्या पानाची अक्षरं पुढे उमटत नाहीत, हेही त्यांचंच. निघताना त्यांनी ते भिंग मला दिलं. मी नको म्हणाले. ते म्हणाले, "मी आता कशाला बघू?"

मार्च २०२० मध्ये सगळं बंद झालं आणि मला कामाला सलग वेळ मिळाला. भाचा पुण्याहून आमच्याकडे आला होता, तो अडकला. त्याला संगणकावरचं सगळं येतं. त्याने एका बटणावर रंग दुरुस्त करून दाखवले: पिवळा पडलेला कागद पांढराशुभ्र, निळा झगझगीत, पुराचे डाग पुसून साफ. आणि बाई मेल्यासारखी पांढरीफटक. आम्ही दोघं बराच वेळ बघत बसलो की काय बिघडलं. भिंगातून पाहिलं तेव्हा समजलं. गालावरचे ठिपके विरळ असतात, मधल्या जागेत कागदच दिसतो. म्हणजे त्या बाईच्या रंगात कागदाचा रंग मिसळलेला आहे. साठ वर्षांत कागद जसा पिकला तशी तीही पिकली. कागद पांढरा केला की तिच्या अंगातलं रक्त काढून घेतल्यासारखं होतं. शिवाय चित्रकाराने मूळ काय रंगवलं होतं ते आम्हाला कुठे ठाऊक? आमच्याकडे छापलेलं आलं होतं. मग ठरवलं, मूळ स्कॅनला हात लावायचा नाही. ज्यांच्या प्रती काढायच्या त्यांत फक्त चेहऱ्यावर किंवा अक्षरांवर आलेला चिखलाचा डाग काढायचा. बाकी डाग राहू द्यायचे. भाच्याला ते पटायला दोन दिवस लागले, पण नंतर तोच माझ्यापेक्षा कडक झाला.

शि. द. फडणीसांची 'मोहिनी'वरची मुखपृष्ठं आली की आमचं काम थांबायचं. आई यायची, आम्ही तिला पडदा मोठा करून द्यायचो. त्यांच्या चित्रात शब्द नसतो, सपाट स्वच्छ रंग, माणसं शांतपणे काहीतरी अशक्य करत असतात. ज्यांनी शाळेच्या गणिताच्या पुस्तकातसुद्धा मुलांना हसवलं त्यांच्या मुखपृष्ठाला पूर काय करणार. सपाट रंगावर डाग जास्त उठून दिसतो, एवढंच. 'ललित'वरचे वसंत सरवटे याच्या उलट: एका चित्रात इतकी माणसं, इतक्या चेष्टा, की ६०० डीपीआयवरही काही सापडायचं राहून जायचं.

२०२२ च्या दिवाळीत मी चाळीस प्रती काढून वाड्याच्या पडवीत दोरीला चिमट्यांनी लावल्या. त्याआधी एका छपाईच्या दुकानात मोठ्या आकारात काढायला दिल्या होत्या. त्यांनी न विचारता सगळे चेहरे 'उजळून' दिले होते. पैसे गेले. दुसरीकडे पुन्हा काढल्या, मूळ आकाराच्याच. बोलावणं असं कुणाला केलं नव्हतं, गल्लीतल्यांनी बघावं एवढंच. पण वसुबारसेपासून पाडव्यापर्यंत माणसं येत राहिली. सराफबाजारात खरेदीला आलेली अनोळखी माणसं दारातून डोकावून आत यायची. मी कथांची, लेखकांची नावं सांगायच्या तयारीत होते. तसं कुणी विचारलं नाही. लोक एका चित्रासमोर थांबायचे, मग थोडं मागे जायचे, मग म्हणायचे, "हे आमच्याकडे होतं." कुठे होतं तेही सांगायचे: कोठीच्या दाराला आतून, आरशाच्या मागे, शिवणाच्या मशीनवर काचेखाली. एका आजोबांनी सिन्नरच्या घराची भिंत हाताने हवेत आखून दाखवली आणि चित्र कुठे होतं तिथे बोट ठेवलं.

आमच्याही घरी एक होतं. १९६८ साली आईने, लग्नाला वर्ष झालेलं, दादांच्या एका दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ कापून फ्रेम करून आणलं. ताटात पणत्या घेऊन वळून बघणारी बाई. अंकाचं नाव आईने कात्रीने उडवलं, खालची सही फ्रेमवाल्याने. दादा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनीच खिळा ठोकला. ती फ्रेम स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर अजून आहे. माझ्या आठवणीत ती बाई निळीच आहे. निळा चेहरा, निळा पदर, पणत्यांच्या ज्योती करड्या. ते रात्रीचं चित्र आहे असं आम्ही समजत आलो.

पाडव्याच्या संध्याकाळी निफाडकडच्या एक बाई आल्या. आदल्या दिवशी येऊन गेल्या होत्या, आज पिशवीतून काहीतरी आणलं होतं. त्यांच्या सासूबाईंनी हरिपाठाच्या पोथीला घातलेलं कव्हर, चित्र आतल्या बाजूला दुमडलेलं. त्यांनी ते जपून उलगडलं. तीच बाई, ताटात पणत्या, वळून बघणारी. फक्त तिची साडी डाळिंबी होती, चोळी हिरवी, आणि पणत्यांचा उजेड हनुवटीपर्यंत पिवळा चढलेला. सही होती, पण अशी वळणदार की आम्ही चौघांनी चार नावं वाचली. मी आत जाऊन फ्रेम काढून आणली आणि दोन्ही शेजारी ठेवली. काकांचं एक बोलणं आठवलं: उजेडात पिवळा आणि किरमिजी आधी उडतात, निळा आणि काळा टिकतात. आमच्या बाईवर चोपन्न वर्षं खिडकीचं ऊन पडत होतं. यांची पोथीच्या अंधारात होती.

आईला हाक मारली. ती चष्मा लावून आली, दोन्हींकडे बघितलं, डाळिंबी साडीवरून बोट फिरवलं. निफाडच्या बाई म्हणाल्या, "आजी, ठेवून घ्या तुम्ही. आमच्याकडे पोथीला दुसरं कव्हर घालता येईल."

आई म्हणाली, "छान आहे हो. पण ही तुमची. आमची निळी." आणि फ्रेम उचलून पदराने काच पुसत स्वयंपाकघरात घेऊन गेली. निफाडच्या बाईंना चहा देऊन मी त्यांच्या मुखपृष्ठाचा स्कॅन करून घेतला, ६०० वर, मागे काळा कागद ठेवून, आणि त्यांनी ते घडीवर घडी घालून पुन्हा पोथीला चढवलं.